चारशे ग्रॅम

दिवसभर मी कॉड तोलते.
पट्ट्यावरून मासे येत राहतात, डोकं उडवलेले, थंडगार,
आणि वीस वर्षांत माझ्या हातांना काट्याची गरज उरलेली नाही:
दोन किलो शंभर. एक किलो नऊशे. हा लहान, बाजूला.

म्हणून राग्नहिल्दुरनं पिठाचा वजनकाटा टेबलावर ठेवला
आणि म्हणाली, यावर तळवा ठेवा, दाबा,
चारशे ग्रॅमवर थांबा,
तेव्हा मला हसूच आलं.
पहिल्याच दाबाला आकडा गेला दीड किलोवर.
"हा मासा नाही," ती म्हणाली.
डोळे मिटून पुन्हा.
पुन्हा.
मेलेल्याचं वजन मला कळतं.
जिवंतावर टाकायचं वजन वेगळं,
ते चाळिशीत शिकायला बसले.

स्टेइन्थोर नऊ वर्षांचा आहे.
सकाळी त्याचे गुडघे त्याच्याआधी म्हातारे होऊन उठतात.
मोजे मी घालते. जिना तो बसून उतरतो,
एकेक पायरी, ढुंगणावर,
आणि वर बघून सांगतो, ही एक प्रकारची शर्यत आहे.
गुरुवारी इंजेक्शन.
शुक्रवारी पिवळं काही समोर आणायचं नाही,
त्याला मळमळतं. लोणीसुद्धा नाही.
बाप बोटीवर. फोनवर विचारतो, "बरा आहे ना?"
मी म्हणते, "आहे,"
आणि उरलेलं सगळं त्या एका शब्दात कोंबून झाकण लावते.

रात्री पंधरा मिनिटं.
तेल आधी माझ्याच तळहातांत तापवायचं.
मांडीवरून खाली, पोटरीवरून वर,
गुडघा सुजून गरम झाला असेल तर त्याच्या उंबऱ्यापर्यंतच जायचं,
आत नाही.
चप्पल न काढता परत फिरायचं.
यानं आजार जात नाही, राग्नहिल्दुर दर वेळी बजावते.
मग काय होतं?
"झोप लागते," ती म्हणाली. "कधी कधी."
मला तिचं ते "कधी कधी" आवडलं.
बाकीचे एकतर छातीठोक बोलतात,
नाहीतर कागद चाळत बसतात.

इसाफ्योर्दुरला डिसेंबरात सूर्य डोंगरामागे असतो,
जानेवारी संपत येईस्तोवर आमच्या गल्लीत फिरकत नाही.
त्यातल्याच एका दिवशी पट्टा बंद पडला, मुकादम ओरडला,
घरी आले तर दारात भाडं वाढल्याचं पत्र.
मी तेल घेतलं, सुरुवात केली, नेहमीसारखीच,
निदान मला तसं वाटलं.
"आई."
"हं."
"आज तुझे हात सहाशे आहेत."

मी हात उचलले.
कुठं ठेवावेत कळेना. हवेतच राहिले, तेलकट,
झडती घेताना राहतात तसे.
त्यानं जरा विचार केला.
"रजईवर ठेव. थोडा वेळ."
ठेवले.
मग रजईखालून त्याचा पाय सरकत सरकत
माझ्या हाताखाली आला, आणि तिथंच थांबला,
रुसलेलं मांजर येतं तसा,
दुसरीकडे बघत.
किती ग्रॅम होते तेव्हा, मी मोजले नाहीत.

जानेवारीच्या अखेरीस ऊन आलं,
खिडकीच्या चौकटीत अकरा मिनिटं.
गावभर पॅनकेकचा वास. शाळेतही होते.
त्याला जायचं होतं. गुडघ्यांना नव्हतं.
मी पीठ मोजत होते,
तर त्यानं वाडगा बाजूला सारला
आणि काट्यावर स्वतःचा तळवा ठेवला.
"तुझंही मनगट दुखतं. मला बघू दे जमतं का."
ओठ आवळून दाबलं.
एकशे दहा.
एकशे वीस. एकशे दहा.
आकडा तिथंच घोटाळत राहिला.
त्यानं काटा उलटा करून पाहिला, हलवला,
"बॅटरी गेली असेल," म्हणाला.
"असेल," मी म्हटलं,
आणि पिठाचा हात पुसून
मनगट पुढं केलं.